'बावीस गेली म्हनं': एका मुलाखतीच्या शब्दांकनाचं प्रकरण

साताऱ्यातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकणाऱ्या मुलामुलींनी कोयनेच्या भूकंपाच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, सव्वाचारनंतर लगेच झालेला तो भूकंप. तीव्रता ६.३ च्या आसपास. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली, कोयनानगरातली बहुतेक घरं पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. तेव्हा दहा-पंधरा वर्षांची असलेली माणसं आज सत्तरीच्या घरात आहेत, त्यामुळे हे काम आत्ताच व्हायला हवं होतं आणि मुलांनी ते जीव ओतून केलं. माझ्याकडे ते शेवटच्या टप्प्यावर आलं. पुस्तिका छापायची होती, त्याआधी मुलाखतींचं शब्दांकन तपासून द्यायचं होतं.

त्यातल्या एकाच मुलाखतीबद्दल इथे लिहिते आहे. आजी पाटण तालुक्यात, कोयना खोऱ्यातल्या एका वाडीत वाढलेल्या. आता मुलाकडे साताऱ्यात असतात. मुलाखत घेतली त्यांच्याच नातीने, घरात बसून, फोनवर. ध्वनिमुद्रण पाऊण तासाच्या आसपास आहे. नातीने ते आधी फोनमधल्या, बोललेलं टाइप करून देणाऱ्या सोयीतून काढलं आणि मग स्वतः बसून 'साफ' केलं. अं, म्हंजी, आपलं, बग, काय त्यो, हां, म्हनं, सगळं काढून टाकलं. बोली प्रमाण केली, अर्धी वाक्यं पुरी केली. वर्गात तिला सांगितलंच होतं तसं: फाफटपसारा काढा, मुद्दा ठेवा.

साफ केलेला तुकडा असा:

'पहाटे मी झोपले होते. जमिनीतून मोठा आवाज आला आणि सर्व काही हलू लागले. भांडी खाली पडली. आईने मला बाहेर ओढले. थोरल्या काकांचा मुलगा भिंतीखाली सापडला. वाडीतील बावीस जनावरे दगावली.'

वाचायला स्वच्छ आहे, कुठे अडखळायला होत नाही. सगळ्या मुलाखतींवरून मुलांनी गाववार नुकसानीचा तक्ता केला होता. त्यात या वाडीपुढे 'मृत व्यक्ती १, जनावरे २२' अशी नोंद पडली. तक्ता घरी दाखवला तेव्हा आजींचा मुलगा बुचकळ्यात पडला. आपल्या वाडीत भूकंपात माणूस गेल्याचं त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. गेलं तर कोण गेलं? आजींना विचारण्याआधी मूळ ध्वनिमुद्रण ऐकायचं ठरलं, आणि नात ते घेऊन माझ्याकडे आली.

तोच तुकडा, बोलला गेला तसा:

आजी: पहाटंचं... म्हंजी पहाटबी न्हाय, अंधारच व्हता. मी आपली निजल्याली. आन् त्यो आवाज, कसा म्हनावा, अं... घुऽऽम, घुऽऽम असा, भुईतनं. आन् मग बग खडाखडा खडाखडा समदं. भांडीबिंडी खाली. आईनं मला वढलं भाईर म्हनं. मला काय ठाव न्हाय, मी आपली भाईर.

नात: बापरे!

आजी: व्हय तर. आन् थोरल्या काकांचा त्यो, काय त्यो, त्यो हा...

नात: मुलगा?

आजी: हां... हां, त्यो भिताडाखाली. समदी वरडत्यात. आन् जनावरं म्हंजी ईस-बावीस का काय गेली म्हनं, आता कुनी मोजली!

दोन्ही तुकडे शेजारी ठेवले की कळतं, आजींनी सांगितलेली गोष्ट आणि कागदावर उतरलेली गोष्ट वेगवेगळ्या आहेत. जे गेलं ते चोथा म्हणून गेलं, आणि त्याच चोथ्यात साक्षीचा कणा होता.

आधी 'म्हनं' बघू, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथे आहे. प्रमाण भाषेत 'म्हणे'. वाक्याच्या शेवटी हा दोन अक्षरी शब्द आला की ऐकणाऱ्याला कळतं, सांगणाऱ्याने हे स्वतः पाहिलेलं नाही, कानावर आलेलं पुढे दिलं आहे. तुर्कीसारख्या भाषेत यासाठी क्रियापदालाच प्रत्यय लागतो. मराठीत तो सैल शब्द आहे, म्हणून आपल्याला तो सवयीचं पालुपद वाटतो आणि छापताना पहिला बळी त्याचाच जातो. आजी मात्र तो सैलपणे वापरत नाहीत. मी आणि नात दोघींनी पूर्ण ध्वनिमुद्रण फक्त या एका शब्दासाठी पुन्हा ऐकलं. आवाजाच्या वर्णनात 'म्हनं' नाही. अंधार, थंडी, अंगणात उभं राहून दातावर दात आपटणं, यांतही कुठे नाही. आईने बाहेर ओढलं, तिथे आहे. जनावरांच्या आकड्याला आहे. कोयनानगरात काय झालं ते सांगताना तर जवळजवळ प्रत्येक वाक्याला आहे. म्हणजे आवाज त्यांनी ऐकला, त्यानंतर अंगणात उभं असल्याचं त्यांना आठवतं, आणि मधला तो क्षण, उंबऱ्याच्या आतून बाहेर येण्याचा, त्यांच्या स्मरणात नाहीच. तो आईने नंतर सांगितलेला आहे. सत्तरी ओलांडलेल्या बाईने अर्ध्याहून जास्त शतकानंतर 'हे माझं' आणि 'हे ऐकलेलं' अशी रेघ इतकी नेमकी सांभाळली, याचं मला फार मोल वाटतं. इतिहासाच्या कामात हीच तर रेघ शोधायची असते. ती आपल्याला आयती मिळाली होती आणि साफसफाईत पुसली गेली.

आकड्याचं तसंच. 'ईस-बावीस का काय गेली म्हनं, आता कुनी मोजली' यात अंदाज तीन वेळा सांगितला आहे: जोडआकड्याने, 'का काय' ने आणि 'म्हनं' ने. चौथ्यांदा तर उघडच म्हटलंय की मोजलं कुणी. कागदावर उरले २२. तक्त्यात गेल्यावर त्या २२ ला सरकारी पंचनाम्याचा तोरा आला.

आता तो 'मुलगा'. इथे चूक लिहिताना झालेली नाही, बोलताना झाली आहे, आणि कशी झाली ते बघण्यासारखं आहे. आजींना शब्द सापडत नव्हता. 'त्यो, काय त्यो, त्यो हा' हे सगळे शब्द त्या सापडेपर्यंत जागा धरून ठेवत होते. मराठीत 'हा, ही, हे' कुठल्याही नामाची जागा घेऊ शकतात, आणि 'हे करून ठेव' म्हटलं की क्रियापदाचीही. घरातल्या माणसाला ते बरोबर कळतं. पण संभाषणाला वेग असतो. जगभरच्या दहा भाषांतल्या संभाषणांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला होता. त्यात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातलं सरासरी अंतर सेकंदाच्या पाचव्या भागाइतकं निघालं. चित्र बघून साधा एक शब्द तोंडातून काढायलाच साधारण सहा दशांश सेकंद लागतात. म्हणजे आपण समोरच्याचं संपायच्या आतच आपलं बोलणं जुळवायला घेतलेलं असतं. म्हाताऱ्या माणसाने दोन सेकंद शब्द शोधला तरी तरुण कानाला ती पोकळी प्रचंड वाटते. नातीने ती मायेने भरली: 'मुलगा?'

आणि आजी म्हणाल्या, 'हां... हां'. हा 'हां' होकार आहे का? इम्यान्युएल शेग्लॉफ या अमेरिकी अभ्यासकाने १९८२ मध्ये अशाच हुंकारांबद्दल मांडलं होतं की, त्यांना सरसकट होकार समजू नये. 'ऐकतोय, चालू दे' एवढंच काम ते पुष्कळदा करतात. बोलणाऱ्याच्या तोंडीही तसा 'हां' येतो: थांब, मी येतेय त्याच्याकडे. ध्वनिमुद्रणात पहिला 'हां' लांबलेला आहे आणि सूर वर जातो. दुसरा आखूड आहे आणि त्याला चिकटूनच 'त्यो भिताडाखाली' येतं. माझ्या कानाला तो होकार वाटला नाही, पण कानावर निर्णय सोडायचा नव्हता. त्याच मुलाखतीत बरंच पुढे, चाऱ्याबद्दल बोलताना, आजी सहज म्हणून जातात, 'गोऱ्हा गेला, थोरल्या काकांचा. लई गुनाचा.' गोऱ्हा म्हणजे तरणा बैल. या दोन जागा नातीने जोडल्या नव्हत्या. इतक्या अंतरावर असल्यावर कुणाच्याच लक्षात आलं नसतं.

मग आजींना विचारलं. 'पोरगा कशाला मरतोय? त्यो मुंबैला गिरनीत व्हता की तवा!' गोऱ्हा मेलेला त्यांनी स्वतः पाहिला होता, उजाडल्यावर. त्या वाक्यात 'म्हनं' नव्हतं ते बरोबरच होतं.

आवाजाबद्दल जरा थांबून सांगते, कारण इथे निरर्थक वाटणाऱ्या अक्षरांनी शास्त्र सांभाळलं आहे. 'घुऽऽम, घुऽऽम... आन् मग खडाखडा खडाखडा' याचं 'मोठा आवाज आला आणि सर्व काही हलू लागले' असं झालं. भूकंपाच्या केंद्रापासून दोन प्रकारच्या लाटा निघतात. प्राथमिक लाट कवचातून सेकंदाला सहा किलोमीटरच्या आसपास धावते, दुय्यम लाट साडेतीन किलोमीटरच्या आसपास. पहिली लाट जमिनीतून वर येते तेव्हा तिचा काही भाग हवेत शिरतो आणि खोल घुमल्यासारखा ऐकू येतो. दुसरी लाट भिंतींना आडवे हिसके देते, आणि पडझड मुख्यतः तिच्यामुळे होते. केंद्र जवळ असेल तर दोन्हींत सेकंद-दोन सेकंदांचंच अंतर पडतं. आजींच्या बोलण्यात घुमणं आधी आहे, ते भुईतून आहे, मग 'आन् मग बग' असा स्पष्ट सांधा आहे आणि त्यानंतर खडखडाट. १९६२ साली कोयना धरणात पाणी साठायला लागल्यावर या खोऱ्यात लहान धक्के जाणवू लागले होते आणि त्यांच्यासोबत जमिनीतून सुरुंग उडाल्यासारखे आवाज येतात असं लोक सांगत होते. त्या माहितीशेजारी आजींचं 'घुऽऽम' ठेवून बघण्यात अर्थ आहे. 'मोठा आवाज' मधून तेवढं निघत नाही. अनुकरणवाचक शब्द म्हणजे पोरकट भाषा, हा समज शाळेत कुठेतरी आपल्या डोक्यात बसतो. तो काढून टाकायला हवा.

'भांडीबिंडी' मधलं 'बिंडी' गेलं, तेही असंच. व्याकरणात याला अंशाभ्यस्त शब्द म्हणतात. 'बिंडी' ला स्वतःचा अर्थ नाही, पण ते लागलं की भांड्यांच्या जोडीची बाकीची चीजवस्तूही आली. नातीने आजींना विचारलं, बिंडी म्हणजे काय काय पडलं? उत्तर आलं: उतरंड, फडताळातल्या बरण्या, कणगी कलंडली, देव्हाऱ्यातले देव खाली. एका निरर्थक अक्षराच्या आड एवढं घर होतं.

'मी आपली निजल्याली' मधल्या 'आपली' वर आमचं एकमत झालं नाही. मला त्यात बेसावधपणा ऐकू येतो. कसलीच कल्पना नसलेलं, आपल्यापुरतं झोपलेलं एक पोर. नातीचं म्हणणं, आजी सगळीकडेच 'आपली' लावते, 'मी आपली बाजारला गेले' असंही म्हणते. तिचंही खरं आहे. ते आम्ही ठेवलं, पण त्यावर काही उभारलं नाही.

याउलट बरंच काही खरोखर काढण्यासारखं होतं. 'त्यो त्यो' अशी दुरुक्ती, जांभई देता देता आलेला 'हां', वाक्य सोडून दुसरं धरणं. 'अं' बद्दलही मी हट्ट धरला नाही. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री यांनी २००२ साली इंग्रजी बोलण्यावरून दाखवलं होतं की, असे उच्चारही बोलणारा कामाला लावतो. आखूड उच्चारानंतर थोडी उसंत येते, लांब उच्चारानंतर मोठी. ऐकणाराही त्यावरून अंदाज बांधतो. पण हे काम समोरासमोर बसलेल्या दोघांचं आहे. कागदावर वाचणाऱ्याला आजी किती वेळ थांबल्या ते 'अं' वरून कळत नाही. एकच 'अं' मी ठेवायला सांगितला, 'घुऽऽम' च्या आधीचा, कारण तिथे आजी आवाजाची नक्कल आठवून करत होत्या.

खरा फाफटपसारा मला दुसरीकडेच सापडला. मुलांनी लिहिलेल्या प्रस्तावनेत 'या ठिकाणी' आणि 'खऱ्या अर्थाने' पानोपानी होतं, आणि 'झालेलं जे नुकसान आहे ते आपल्याला पाहायला मिळतं' अशी वाक्यं होती. कृष्णेला पूर आला की वाहिन्यांवर हीच भाषा दिवसभर ऐकू येते: पाणी जे आहे ते वाढताना आपल्याला पाहायला मिळतंय. यात शंका नाही, ऐकीव-पाहिलेलं नाही, ऐकणाऱ्याला धरून ठेवणंही नाही. फक्त बोलणं वजनदार व्हावं म्हणून घातलेली भर आहे. तरी तिला कुणी हात लावला नाही, कारण ती शिकलेल्या माणसाची वाटते. आजींचं 'म्हंजी' मात्र अडाणीपणाचं ठरलं. कुठला भराव काढायचा हे आपण कामावरून ठरवत नाही, बोलणारा कोण आहे त्यावरून ठरवतो. मला हे फार लागतं, आणि मुलांना मी ते तसंच बोलून दाखवलं.

आणखी एक गोष्ट ध्वनिमुद्रण ऐकतानाच कळली, कागदावरून कळली नसती. सुरुवातीला नात गप्प आहे. मुद्रण स्वच्छ यावं म्हणून तिला मध्ये आवाज करू नको असं सांगितलं होतं. त्या भागात आजींची उत्तरं एकेका ओळीची आहेत. 'व्हय.' 'पडलं समदं.' 'काय सांगायचं त्यात.' मग केव्हातरी तिचा 'हं' निसटतो, पुढे 'मग?' येतं, 'अगं बाई' येतं, आणि गोष्ट मोकळी होते. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो हे आपल्याकडे आज्यांच्या कुशीत झोपलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. कॅनडातल्या जॅनेट बाव्हेलास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली हे प्रयोगाने दाखवलं. ऐकणाऱ्यांना गुपचूप एक काम दिलं, सांगणाऱ्याच्या तोंडी एका ठरावीक अक्षराने सुरू होणारे शब्द मोजण्याचं. ते मोजण्यात गुंतले, योग्य जागी हुंकार देईनासे झाले, आणि सांगणाऱ्यांचा शेवट फसू लागला. आपल्याच जिवावर बेतलेला प्रसंग त्यांना धड संपवता येईना. तेव्हा मुलाखतकाराने तोंड मिटून बसावं ही सूचना मी यादीतून काढायला लावली. हुंकार द्यायचा, शब्द पुरवायचा नाही. 'मुलगा?' च्या जागी 'हं, कोण गं?' पुरलं असतं.

शेवटचा निर्णय आजींचा होता, आणि तिथे माझ्या मतांना मुरड घालावी लागली. जसंच्या तसं उतरवलेलं वाचून दाखवलं तर त्या नाराज झाल्या. 'अशी अडाण्यावानी छापू नगा मला. लोकं हसतील.' हे म्हणणं बाजूला सारता येत नाही. बोलताना प्रत्येक माणूस अडखळतो, प्राध्यापकही. पण छापताना त्यांचं अडखळणं गाळायचं आणि खेड्यातल्या बाईचं तेवढं अस्सल म्हणून ठेवायचं, हाही अपमानच आहे. त्यांच्यासमोर बसून, एकेक वाक्य वाचत, पुस्तिकेचा मजकूर ठरला. 'अं', 'बग', दुरुक्ती गेली, तो एक 'अं' सुद्धा गेला. बोली त्यांनी अर्धी ठेवू दिली. 'घुऽऽम' ला त्यांची हरकत नव्हती, उलट नातीने ते नीट वाचलं नाही म्हणून पुन्हा करून दाखवलं. 'म्हनं' चं कारण सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, 'मंग, न बघितल्यालं बघितलं कसं म्हनायचं?' ते सगळे राहिले.

तक्त्यात आता दोन रकाने वाढले आहेत: 'स्वतः पाहिलेलं' आणि 'ऐकीव'. या वाडीपुढे मृत व्यक्तींचा रकाना रिकामा आहे. पाहिलेल्यात एक गोऱ्हा, ऐकीवमध्ये वीस-बावीस जनावरं. जसंच्या तसं उतरवलेलं शब्दांकन आणि ध्वनिमुद्रण वेगळं जपून ठेवलं जाईल, कुणाला अभ्यासाला लागलं तर. फोनच्या सोयीवर यापुढे फक्त पहिला कच्चा मजकूर काढायचा, कारण आजींच्या 'म्हनं' चं तिने काही ठिकाणी 'म्हणून' केलं होतं आणि बाकी ठिकाणी ते सरळ गाळलं होतं.

बाकीच्या मुलाखती मुलं आता याच दृष्टीने पुन्हा ऐकताहेत. त्यातल्या एका आजोबांच्या मुलाखतीत 'म्हनं' एकदाही आलेलं नाही, सगळं डोळ्यांदेखत घडलेलं आहे, कोयनानगरही आणि पाच कोसांवरचं गावही. तिथे शब्द ऐकून भागणार नाही. त्या रात्री ते नेमके कुठे निजले होते, हे मुलं त्यांना पुढच्या भेटीत आधी विचारणार आहेत.